चोरचुलीचा धडा

मावशीला गेली दोन वर्षं कसलाच वास येत नव्हता, आणि हे डोंगरावर कुणालाही माहीत नव्हतं. एकदा आठवडाभर ताप आला, उतरला, अंगात ताकदही आली, पण नाक काही परत आलं नाही. दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर त्याने चार लोकांना सांगितलं असतं, दोन-तीन डॉक्टर पालथे घातले असते आणि मग विसरून गेला असता. नाकावाचून माणसाचं तसं फारसं अडत नाही. पण मावशी वाटाडी होती, तीही ज्वालामुखीची, आणि तिथे नाक गेलं म्हणजे कामच गेलं.

आता हा डोंगर कसा ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. समुद्राच्या काठावरून सरळ वर चढत गेलेला, निम्म्यापर्यंत हिरवागार, त्यावर काळाकुट्ट, आणि टोकाला सुरीने कापावा तसा सपाट. त्या टोकात एक खोल विवर आणि विवरात हिरव्या पाण्याचं तळं. लोक लांबलांबून यायचे ते हे तळं बघायला. कित्येक वर्षांत डोंगराने आग ओकली नव्हती, पण मेलेलाही नव्हता. फटीफटींतून वाफा सोडत पडून होता, आणि त्या वाफांबरोबर सडक्या अंड्यांच्या वासाचा गॅस यायचा. थोडा असला तर डोकं दुखायचं, जास्त असला तर माणूस उभ्या जागी खलास. पायथ्याला वाटाड्यांचं ऑफिस होतं, तिथे गॅस मोजायचं एक यंत्र होतं. ते सहा महिन्यांपूर्वी दुरुस्तीला गेलं ते गेलंच. म्हणून नियम जुनाच चालू होता. विवराच्या अलीकडे एक खिंड लागायची. तिथे लोकांना थांबवायचं, वाटाड्याने एकट्याने तीस पावलं पुढे जायचं आणि तीनदा सावकाश वास घ्यायचा. उजवा हात वर केला तर लोकांनी यायचं. डावा केला तर कितीही लांबून आलेला असलास तरी गुमान मागे फिरायचं.

मावशीने सव्वीस वर्षं हा हात वर केला आणि एकाही माणसाला साधी उलटीसुद्धा होऊ दिली नाही. मग तो ताप आला. त्यानंतर तिने काय करावं? तिने सुनेला हाताशी घेतलं.

सून तेव्हा घरात नवीच होती. पायाने हलकी, डोक्याने तल्लख, जिभेला धार. मावशीने सगळ्यांना सांगितलं की माझ्यामागे कुणीतरी हवं, पोरीला तयार करते. लोक म्हणाले, सासू असावी तर अशी. खिंडीतून सून पुढे जायची, वास घ्यायची, हात वर करायची, आणि मावशी मागे उभी राहून गंभीर तोंडाने मान डोलवायची. स्पष्टच बोलायचं तर तिने सुनेचं नाक वापरलं, आणि तिला कळू न देता वापरलं.

पंचाईत एकच होती. सून तयार झाली की तिला स्वतःचा बिल्ला मिळणार, ती स्वतःचे लोक घेऊन निराळी जाणार, आणि मावशी उघडी पडणार. म्हणून ऑफिसच्या दर तपासणीला मावशी म्हणायची, अजून कच्ची आहे. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा सून तडक ऑफिसात गेली आणि अर्ज देऊन आली, की माझी परीक्षा ऑफिसच्या माणसाने स्वतः डोंगरावर येऊन घ्यावी, घरच्या माणसाने नको. त्या दिवसापासून घरात दोघींचं बोलणं 'मीठ द्या' आणि 'दार लाव' एवढ्यावर आलं. मावशीचा मुलगा गॅरेजात कामाला होता. तो दोघींच्या मध्ये जेवायला बसायचा आणि ताटातून मान वर काढायचा नाही. तो तरी बिचारा काय करणार.

परीक्षेच्या दिवशी सकाळी सात वाजता सगळे पायथ्याच्या फाटकापाशी जमले. सहा पाहुणे होते. त्यातल्या दोघांशीच आपल्याला काम आहे: एक निवृत्त मुख्याध्यापिका, जी सगळ्यांना 'रांगेत चला' म्हणत होती, आणि एक फोटोवाला, जो रांगेत चालत नव्हता. शिवाय ऑफिसचा तपासनीस. काडीसारखा वाळका माणूस, हातात फाइल आणि पायात कोरे करकरीत बूट. त्या बुटांकडे बघूनच मावशीला कळलं की दुपारी हा लंगडत उतरणार. ठरलं असं की सून पुढे चालेल, तपासनीस तिच्या पाठोपाठ, आणि मावशी शेवटी. मध्ये बोलायचं नाही, असं त्याने मावशीला बजावलं. अठ्ठावीस वर्षांत तिला डोंगरावर गप्प बस म्हणणारा हा पहिलाच निघाला.

सुरुवातीला नेच्यांचं रान लागतं. घरी कुंडीत असतात तसले नेचे नव्हेत. इथले झाडाएवढे वाढलेले, वर हिरव्या छत्र्या आणि मधून मुठीएवढे गुंडाळलेले कोंब. सुनेने सगळ्यांना थांबवलं, एक कोंब हलकेच धरून तो कसा उलगडतो ते सांगितलं, राखेची माती एवढी सुपीक का ते सांगितलं, आणि ते इतकं छान सांगितलं की मुख्याध्यापिका बाईंनी तिला मनातल्या मनात दहापैकी नऊ दिले असणार. मावशीला अभिमान वाटला. त्याच दमात भीतीही वाटली. पोरगी पास होणार हे तिला फाटकापासून शंभर पावलांवरच कळून चुकलं होतं.

ती मागून चालत होती आणि चेहरे बघत होती. दोन वर्षांत तिने ही एक विद्या कमावली होती. वास तिला येत नव्हता, पण वास घेणाऱ्यांचे चेहरे वाचता येत होते. पुढच्या वळणावर मुख्याध्यापिका बाईंचे खांदे सैल झाले, तोंडावर हसू आलं, म्हणजे ओढ्याकाठचा सोनटक्का फुललाय. गरम पाण्याच्या झऱ्यापाशी फोटोवाल्याच्या नाकाच्या शेंड्याला बारीकशी सुरकुती पडली, म्हणजे गंधक, पण जेमतेम. सुनेचा चेहरा तर तिला पाठ होता. डावी नाकपुडी आधी आकसायची. किती आकसली यावरून मावशी घरबसल्या सांगू शकली असती की कढईखालचा गॅस बारीक करायची वेळ झाली की नाही. सुनेला वाटायचं, सासू सारखी तोंडाकडे बघते ती चुका काढायला.

झऱ्यानंतर ढगातलं रान आलं. झाडं वाकडीतिकडी, फांदीफांदीवरून शेवाळाच्या दाढ्या लोंबलेल्या, आणि पाच हातांपलीकडे नुसतं पांढरं. लोक आपोआप हळू बोलायला लागले. त्यातून वर आलं की एकाएकी झाडं संपतात आणि काळा दगड सुरू होतो. कधीकाळी वितळून वाहत आलेला आणि वाहता वाहता थिजलेला तो दगड, त्याच्या दोरखंडासारख्या घड्या अजून तशाच. तिथून मागे वळून पाहिलं तर खाली ढगांची गादी, ढगांपलीकडे समुद्र, आणि डाव्या हाताला याच डोंगराची तीन लहान पिल्लं, प्रत्येकाच्या डोक्यावर खळगा. फोटोवाला तर वेडाच झाला. गुडघ्यावर बसला, पालथा पडला, शेवटी एका दगडावर चढून उभा राहिला.

आणि त्याला तसा उभा पाहून मावशी जागीच थांबली. त्या दगडावर माणसाला उभं राहता येत नाही. तिथे वारा असा झोडपतो की टोपी हाताने धरावी लागते. फोटोवाल्याची टोपी मात्र डोक्यावर निवांत होती. वारा नव्हताच. पान हलायला तिथे पान नव्हतं, पण सुनेची वेणीसुद्धा हलत नव्हती.

वारा नसला की हा गॅस उडून जात नाही. तो हवेपेक्षा जड, खळग्यात उतरून बसतो. मावशीने तेव्हाच बोलायला हवं होतं. आज पुढे नको, एवढंच म्हणायचं होतं. पण तपासनीस विचारणार, का? सून म्हणणार, बघा, चौथ्यांदा आडवी आली. आणि कुणीतरी म्हणणार, मावशी, मग तुम्हीच पुढे जाऊन वास घ्या की. त्या शेवटच्या वाक्याची तिला धास्ती होती. ती गप्प बसली. तिने स्वतःला समजावलं की सून तीस पावलांवर थांबेल, वास घेईल आणि डावा हात वर करेल. नाक शाबूत आहे पोरीचं, काळजी कशाला.

काळजी कशाला ते तिला पुरतं माहीत होतं, आणि आता मी तुम्हालाही सांगते. वाटाड्यांच्या शिक्षणात शेवटचा एक धडा असतो. खिंडीच्या अलीकडे बाजूला एक फट आहे, तिला सगळे चोरचूल म्हणतात. शिकवणारा आणि शिकणारा कमरेला एकच दोर बांधून तिच्याकडे एकेक पाऊल जातात. वास वाढत जातो, नको नको होतो, आणि मग एका पावलाला अचानक नाहीसा होतो. हवा स्वच्छ झालेली नसते. गॅस इतका वाढलेला असतो की नाकच बधिर होतं. ज्याच्या हे आधी ध्यानात येईल त्याने दुसऱ्याला ओढून मागे घ्यायचं. हे तोंडाने सांगून भागत नाही. एकदा स्वतःच्या नाकाने फसावं लागतं, मग जन्मभर विसर पडत नाही. मावशीने सुनेला हा धडा दिलाच नव्हता. कसा देणार? वास कधी गेला ते हिला कळणार नाही, आणि दोघी तिथेच आडव्या होतील. एकदा बुटाची नाडी बांधता बांधता ती म्हणाली होती, वास एकदम गेला तरी सावध राहायचं हं. सून हो म्हणाली होती. आणि ऑफिसच्या वहीत 'चोरचूल शिकवली' असं लिहून मावशीने खाली सही ठोकली होती.

खिंडीत पोचायला साडेदहा वाजले. दोन्ही बाजूंना लालसर कडे, मध्ये दहा माणसं उभी राहतील एवढी जागा, आणि पुढे वाट उतरून एका वाटीसारख्या खोलगट जागेत जाते. वाटीच्या पलीकडचा काठ चढला की तळं. इथूनही तळ्याच्या हिरव्या पाण्याची एक कड दिसत होती. लोकांनी ती पाहिली, 'अहाहा' केलं, आणि दुसऱ्याच क्षणी सगळ्यांचे रुमाल नाकाला गेले. मुख्याध्यापिका बाईंनी पदर तोंडावर घेतला. तपासनीसाने फाइलने वारा घातला. वास जबरदस्त असणार.

सून पुढे निघाली. एक, दोन, तीन. मावशी पावलं मोजत होती. वाटीच्या कडांना ज्या फटी होत्या त्यांतून वाफा निघत होत्या, पण वर जात नव्हत्या. तळाशी पसरून राहिल्या होत्या. तिसाव्या पावलाला सून थांबली, वळली, आणि तिने तीनदा सावकाश वास घेतला. तिची डावी नाकपुडी आकसली की नाही हे एवढ्या लांबून दिसेना. मावशीने डोळे फाडून पाहिलं, तरी दिसेना.

तेवढ्यात शेजारी मुख्याध्यापिका बाईंनी पदर खाली घेतला. फोटोवाल्याने रुमाल खिशात कोंबला आणि कॅमेरा वर केला. तपासनीसाची फाइल थांबली. बाकीच्यांचेही हात एकापाठोपाठ एक खाली आले, सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले. सुटलो बाई, असं कुणीतरी म्हणालं.

आणि खाली सुनेने उजवा हात वर केला.

मावशीने वाफेकडे पाहिलं. वाफ होती तिथेच होती. वारा आलेला नव्हता. मग वास गेला कुठे?

"मागे ये!" ती ओरडली. "एक पाऊल पुढे टाकू नकोस, वर ये!"

सुनेने हात तसाच ठेवला. तपासनीस वळून म्हणाला की परीक्षा चालू आहे, मध्ये बोलायचं नाही असं ठरलं होतं. मावशी म्हणाली, मला वास येतोय, भयंकर येतोय. दोन वर्षांचं खोटं, त्याच्यावर हे आणखी एक. पण ते कुणाला पटणार? तपासनीसाने हुंगून पाहिलं आणि मान हलवली. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, मघाशी होता, आता नाहीये हो. खालून सुनेचा आवाज आला, आणि त्यात तीन तपासण्यांचा राग होता.

"वास गेलाय, आई. हवा स्वच्छ आहे. मला पास होऊ द्यायचं नाही एवढंच आहे तुमचं. या ना इथे, तुम्हीच घेऊन बघा."

झालं. ज्या वाक्याला ती दोन वर्षं भीत होती ते असं चारचौघांत समोर आलं. खाली सून उभी, वर सगळे तिच्या तोंडाकडे बघतायत, आणि वेळ तर अजिबात नाही. मावशीला क्षणभर स्वतःची लाज वाटली, मग लाजेचीच चीड आली.

"मला वास येत नाही," ती म्हणाली, आणि खालपर्यंत ऐकू जावं म्हणून परत ओरडून म्हणाली. "मला दोन वर्षं झाली, कसलाच वास येत नाही! मी तुमची तोंडं बघून चालते. आत्ता सगळ्यांनी नाकं दाबली होती आणि आत्ता सगळ्यांनी एकदम सोडली. वाफ हललेली नाही. वास गेलेला नाही, तुमची नाकं गेलीत. चोरचूल आहे ही, पोरी. मी तुला शिकवली नाही. वर ये."

 खाली सुनेचा हात हळूहळू खाली आला. ती दोन पावलं वर चढली, तिसरं टाकायला गेली आणि गुडघ्यावर बसली. घसरली असेल असं लोकांना वाटलं. मावशीला तसं वाटलं नाही.

त्यानंतर मात्र ती जुनी मावशी झाली. पाहुण्यांना मागे हाकललं, खिंडीच्या पाठीमागे उंच दगडावर जा, खाली कुणी बसायचं नाही. मुख्याध्यापिका बाईंनी तेवढ्यातही त्यांना रांगेत नेलं. पाठपिशवीतला दोर काढून तिने एक टोक कमरेला बांधलं आणि दुसरं तपासनीस आणि फोटोवाल्याच्या हातात दिलं. मी हात वर केला की ओढा, पडले तरी ओढा, पण काहीही झालं तरी आत उतरू नका, नाहीतर एकाच्या जागी चार जातील. तपासनीसाचे डोळे लाल होऊन पाणावले होते. त्याने फाइल खाली टाकली आणि दोर मनगटाला गुंडाळला. बूट कोरे असले तरी माणूस पळपुटा नव्हता.

मावशी खिंडीमागे दहा पावलं वर चढून गेली, छातीत मावेल तेवढी हवा भरून घेतली आणि श्वास रोखून उतरली. छप्पन्न वर्षांची बाई. पळायचं नाही, पळालं की श्वास सुटतो. ती मनात आकडे मोजत होती. दहाला डोळे झोंबायला लागले. वीसला सून हाताशी आली. पोरगी शुद्धीवर होती आणि नव्हतीही. ओठ हलत होते, नजर कुठेतरी भलतीकडे. मावशीने दोराचा फेर तिच्या काखेतून घेतला. गाठ बसेना. हजारदा मारलेली गाठ, आणि बोटं ऐकेनात. पस्तीस. छाती फुटायला आली. बसली एकदाची गाठ. तिने हात वर केला. कुठला वर केला तेही तिला कळलं नाही.

दोर ताणला. दोघी दगडांवरून खरचटत, ठेचकाळत वर निघाल्या, मावशी पायाने रेटत होती, सून नुसती ओढली जात होती. पन्नासाच्या पुढे मावशीचा हिशेब सुटला. छातीने स्वतःच श्वास घेतला, तिला न विचारता. डोक्यात कुणीतरी घण घातल्यासारखं झालं, आणि मग फोटोवाल्याचे हात तिच्या दंडाला लागले.

उंच दगडावर सून आधी ओकली, मग रडली, मग परत ओकली. मुख्याध्यापिका बाई तिची पाठ चोळत होत्या. मावशी चार हात पलीकडे आडवी पडून आकाशाकडे बघत होती आणि सून ओकते आहे हा आवाज ऐकून तिला एवढा आनंद झाला की सांगता सोय नाही. ओकतेय म्हणजे जगतेय. तळं त्या दिवशी कुणीही पाहिलं नाही.

पायथ्याला यायला दोन वाजले. ऑफिसात डॉक्टर बोलावून ठेवला होता. त्याने दोघींना तपासलं, रात्रभर दवाखान्यात राहा म्हणाला आणि गाडी आणायला गेला. ऑफिस म्हणजे पत्र्याची एक खोली. भिंतीवर डोंगराचा नकाशा, खाली लाकडी बाक, टेबलावर वही. दोघी बाकावर बसल्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून.  तपासनीस लंगडत आला, खुर्चीत बसला, वहीची पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"इथे चोरचूल शिकवली म्हणून सही आहे," तो सुनेला म्हणाला. "शिकवली होती का?"

सुनेने मावशीकडे पाहिलं नाही. आवाज बसलेला होता, पण स्पष्ट होता.

"शिकवली होती. मीच विसरले."

मावशीला हे वाटीतल्या गॅसपेक्षा जास्त लागलं. पोरगी तिच्यासाठी खोटं बोलत होती. या उत्तराने मावशीची सही वाचली असती आणि सुनेचा बिल्ला कायमचा गेला असता. मावशीने काही क्षण ते तसंच राहू दिलं, हेही सांगायला हवं, कारण ती काही देवी नव्हती. मग ती उठली.

"खोटं बोलतेय ती. तीन वेळा मी तिला कच्ची म्हणाले तेही खोटं. ती पहिल्या वर्षीच पक्की झाली होती. नाक माझं गेलं होतं, म्हणून मी तिला अडकवून ठेवली." तिने छातीवरचा बिल्ला काढला आणि वहीवर ठेवला.

तपासनीसाने बिल्ला उचलून पाहिला. मग म्हणाला की हा आता मला ठेवून घ्यावा लागेल, आणि मावशी म्हणाली, ठेवा. सुनेच्या बाबतीत तो म्हणाला, बाकी सगळं उत्तम, पण चोरचूल झाल्याशिवाय बिल्ला देता येणार नाही. डोंगरावर अकरा वाटाडे आहेत. ज्याच्यावर तुमचा विश्वास असेल त्याचं नाव सांगा, बरं वाटलं की त्याच्याकडून शिकून घ्या.

"यांच्याकडून शिकेन," सून म्हणाली.

तपासनीसाने चष्मा काढला. म्हणाला, अहो, यांना वास येत नाही. वास कधी गेला ते यांना कळणार कसं? दोराच्या टोकाला दुसरा वाटाड्या उभा करा हवं तर, सून म्हणाली, पण मला ओढायचं कधी ते याच सांगतील. मग ती पहिल्यांदाच मावशीकडे वळली. डोळे सुजलेले, गालावर खरचटलेलं, आणि हनुवटी रागाने वर.

"तुमच्यावर माझा विश्वास उरलेला नाही, आई. इथेच सांगते, घरी जाऊन नाटक नको. माझं नाक हवं होतं तर मागायचं होतं, मी रोज दिलं असतं. पण दोन वर्षं माझ्या तोंडाकडे तुमच्याइतकं कुणी बघितलेलं नाही. तुमच्या मुलानेसुद्धा नाही."

 सवयीने मावशीची नजर सुनेच्या चेहऱ्यावर गेली आणि तिथे जे होतं ते तिला अक्षर न् अक्षर वाचता आलं. ते वाचून झाल्यावर तिने मान खाली घातली, आणि बाहेर गाडीचा हॉर्न वाजेपर्यंत वर केली नाही.